संगीताच्या पदवी प्रवेशाची गायनचाचणी : तयारी कशी करावी?

सांगलीची_आई

नमस्कार मंडळी. माझी लेक यंदा बारावीला आहे, कला शाखेत. लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली आहे, पुढच्या विशारद परीक्षेची तयारी चालू आहे. पुढे गाण्यातच पदवी करायची हे तिचं पक्कं ठरलंय. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र ही पहिली पसंती, बडोद्याचाही विचार आहे. दोन्हीकडे प्रवेशाआधी गाऊन दाखवावं लागतं आणि घरात सध्या सगळी काळजी त्याचीच आहे.

मंडळाच्या परीक्षांचा तिला सराव आहे, पण तिथे अभ्यासक्रम हातात असतो. इथे समोरचे काय विचारतील याचा अंदाज येत नाही. तिच्या बाई मोठ्या मनाच्या आहेत, "गा मोकळेपणानं, घाबरू नकोस" एवढंच सांगतात. मला स्वतःला गाण्यातलं फारसं कळत नाही, म्हणून इथे विचारते.

राग किती तयार हवेत? तिचा यमन आणि बिहाग चांगला आहे, पण मैत्रिणी म्हणतात यमन सगळेच गातात, मारवा किंवा पूरिया गा, छाप पडेल. तबलजी आपले न्यावेत की तिथे मिळतात? पेटी हवी का? आणि तोंडी काय विचारतात? ज्यांनी हे पार केलंय किंवा ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निमित्त_गाणं

ताई, मी सध्या संगीतात एम.ए. करतेय, त्यामुळे आठवणी ताज्या आहेत. सगळ्यात आधी त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचा. लेखी परीक्षा आहे का, गायन किती मिनिटं, साथीदार मिळतात का, सगळं त्यात असतं आणि वर्षागणिक बदलतं. मागच्या वर्षीच्या कुणाच्या अनुभवावर विसंबू नका, माझ्याही नाही.

दुसरं, वेळ. घरी आपण एक राग अर्धा तास गातो. तिथे सात-आठ मिनिटांत थांबवतात, कधी त्याहून आधी. थांबवलं म्हणजे वाईट गायलो असं नसतं, पण हे आधी माहीत नसेल तर मुलं तिथेच खचतात. माझ्या आधी गेलेली मुलगी रडत बाहेर आली होती, आणि नंतर यादीत तिचं नाव वरच्या पाचांत होतं.

खर्जसाधना

सांगलीच्या ताई, मी बरीच वर्षं गाणं शिकवते आणि अशा चाचण्यांना परीक्षक म्हणूनही बसले आहे. वेळ काढून लिहिते, कारण दर वर्षी चांगल्या गळ्याची मुलं एकाच कारणानं मागे पडताना बघते. त्यांना राग येतो, पण तो थोडक्यात मांडता येत नाही.

हिशेब करून बघा. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल बारा मात्रांचा. एक मात्रा चार सेकंदांची धरली, तर एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, अठ्ठेचाळीस सेकंदांचं होतं. आठ मिनिटं मिळाली आणि त्यातली दोन सुरुवातीच्या आलापात आणि ठेका लागण्यात गेली, तर उरलेल्या सहा मिनिटांत जेमतेम सात आवर्तनं होतात. मुलगी बाईंकडे शिकलेली बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्यानं विस्तार, जशीच्या तशी करायला जाते. मंद्रातून, म्हणजे खालच्या सप्तकातून, सावकाश वर येते, गंधारावर रेंगाळते, आणि पंचमापाशी पोचते तोवर घंटा वाजते. परीक्षकांनी तिचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, ऐकलेलाच नसतो, तान तर दूरच. आवाजाचा पल्ला, लयीची समज, तानेची तयारी यातलं काहीच त्यांच्या कागदावर उतरत नाही.

म्हणून लय थोडी चढी ठेवायची. मात्रा अडीच सेकंदांची केली तर आवर्तन तीस सेकंदांचं होतं आणि त्याच वेळात बारा आवर्तनं मिळतात. त्यांची मांडणी घरी ठरवायची. पहिल्या दोनांत स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, स्वच्छ, नुसती बंदिश, शब्द कळतील अशी. पुढच्या चारांत पूर्वांगाची, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्याची, बढत. मग अंतरा, म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग, त्यात तार षड्ज ठामपणे लावायचा. त्यानंतर बोलआलाप (बंदिशीच्या शब्दांतून आलाप) किंवा थोडी सरगम (स्वरांची नावं घेत गाणं), आणि दोन आवर्तनं तानांना. पाठोपाठ छोटा ख्याल, म्हणजे जलद लयीची बंदिश, तीनतालात, उरेल तेवढ्या वेळात. आता हे लिहिलं म्हणून घड्याळ लावून पाठ करू नका. सांगाडा मनात असावा, गाताना सुचेल तेच गावं. पण सुचायला जागा किती आहे हे तिला माहीत हवं.

थोडक्यात गाणं म्हणजे कमी दर्जाचं गाणं, ही समजूत आधी काढून टाका. आपल्या जुन्या गवयांच्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आतबाहेर असत. तेवढ्यात अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर पूर्ण राग उभा करत. स्थायी, अंतरा, आलाप, तान, सगळं आहे त्यात, आणि घाई कुठेच वाटत नाही. लेकीला रोज एक अशी ध्वनिमुद्रिका ऐकायला लावा आणि वहीत लिहायला सांगा की कितव्या सेकंदाला पहिला तार षड्ज आला, अंतरा कधी सुरू झाला, पहिली तान कुठे घेतली. चाचणीच्या तयारीसाठी याहून उत्तम शिक्षक मला ठाऊक नाही. खाँसाहेब तर तुमच्या शेजारचे, मिरजेचे.

फोंड्याहून

केसरबाईंचं नाव आलं म्हणून लिहितो. आमच्या गोव्यातल्या केरी गावच्या त्या. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर त्यांची भैरवी आहे. तीही साडेतीन मिनिटांचीच. खर्जसाधनाताई म्हणतात ते तिथे कानांनी पडताळता येतं, पहिल्याच सुरावटीत भैरवी समोर उभी राहते.

ठेका_पुणे

मी तबला वाजवतो, अशा चाचण्यांना साथीला बसलोय. साथीदाराच्या बाजूनं चार गोष्टी.

बहुतेक ठिकाणी साथीला माणूस असतो. तो चांगला वाजवतो, पण तुमच्या मुलीला त्यानं कधी ऐकलेलं नसतं. मंचावर बसल्यावर तिनं त्याच्याकडे बघून ताल, लय आणि मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, कितव्या मात्रेपासून आहे एवढं सांगावं. "विलंबित एकताल" एवढ्यानं भागत नाही, विलंबित प्रत्येकाचं वेगळं. हातानं दोन-तीन मात्रा दाखवायच्या किंवा मुखडा गुणगुणून दाखवायचा. यात दहा सेकंद जातात आणि पुढची सगळी मिनिटं सुखाची होतात. लय हवी त्यापेक्षा संथ लागली तर गाता गाता सांगायला संकोच करू नये. "थोडी चढी घ्या" म्हटलं की आम्ही घेतो. आम्हाला राग येत नाही, उलट पोरीला लयीचं भान आहे हे परीक्षकांना दिसतं.

घरी एकाच तबलजीबरोबर किंवा मोबाइलवरच्या तबल्याबरोबर रियाज झालेला असतो. मोबाइलचा ठेका कधी हलत नाही, तिहाई (तीनदा वाजवलेला एकच तुकडा) घेत नाही, मधल्या जागांचा भरणा करत नाही. माणूस करतो. विलंबितात मी तिरकिट जरा भरून वाजवलं की मुलं गोंधळतात, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे गेली म्हणून माझ्या हाताकडे बघू लागतात. महिनाभर आधीपासून दोन-तीन वेगवेगळ्या तबलजींबरोबर गायला बसवा. सांगली-मिरजेत माणसांची वाण नाही.

आणि हाताने ताल धरून बोल म्हणायची तयारी हवी, ठाय (मूळ लयीत) आणि दुगुण (दुप्पट लयीत) दोन्ही. एकताल, झपताल, तीनताल, रूपक एवढे तरी. रूपकाची पहिली मात्रा खालीची, तिथेच टाळीऐवजी हात उलटा जातो, आणि गाणारी मुलं नेमकी तिथे अडखळतात. गाणाऱ्याला ठेका पढता, म्हणजे तोंडानं म्हणता, येत नाही हे मला अजून पटत नाही, पण दर वर्षी दिसतं.

बार्शीचा_बाबा

धागा वाचतोय, फार उपयोगी. माझा मुलगा याच वयाचा. आवाज फुटून झालाय पण अजून पेटीच्या काळी चार पट्टीत गायचा हट्ट करतो, कारण लहानपणी त्या पट्टीत बक्षिसं मिळाली. वर ताणून गातो. काय करावं?

खर्जसाधना

बार्शीच्या दादा, पट्टी खाली आणा, आजपासून. पुरुषाचा आवाज साधारण काळी एक ते काळी तीन यांच्या दरम्यान बसतो. मंद्र पंचमापर्यंत आवाज भरीव लागतो आणि तार सप्तकात गंधार-मध्यमापर्यंत न ओरडता जाता येतं, ती त्याची पट्टी. परीक्षकांना उंच पट्टीचं कौतुक नसतं. ताणलेला आवाज पहिल्या मिनिटात कळतो, आणि हा मुलगा तीन वर्षं टिकेल का, ही शंका तिथेच मनात येते. सकाळी उठून खर्जाचा रियाज, मंद्र षड्जाकडे सावकाश उतरत, अर्धा तास. जबरदस्ती नाही. बक्षिसांच्या आठवणीतून त्याला हळूच बाहेर काढावं लागेल, ते तुम्हीच करू शकता.

कानघसा

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे, गाणारी मुलं तपासायला येतात. प्रवेश बहुतेक जून-जुलैत, म्हणजे नेमका पाऊस आणि सर्दीचा मोसम.

घसा बसला असेल तर त्यावर गाऊ नये, रियाज दोन दिवस चुकला तरी चालेल. कुजबुजत बोलणं म्हणजे विश्रांती, असं अनेकांना वाटतं. तसं नाही, त्यानंही स्वरयंत्रावर ताण येतो. बोलूच नये किंवा हळू पण नेहमीच्या आवाजात बोलावं. सारखं खाकरायची सवय असेल तर ती मोडा, त्याऐवजी घोटभर पाणी. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चाचणीच्या दिवशी अजिबात नकोत, त्यांनी दुखणं कळेनासं होतं आणि माणूस दुखावलेल्या गळ्यावर जोर देतो. रात्री उशिरा तिखट-तेलकट जेवून लगेच आडवं झालं तर आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज जड, खरखरीत होतो. ज्यांचा आवाज नेहमी सकाळी बसलेला असतो त्यांनी हे आधी तपासावं. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर घरगुती काढ्यांवर न राहता डॉक्टरांना दाखवावं.

सांगलीची_आई

किती मनापासून लिहिताय सगळे! एक एक करून लेकीला वाचून दाखवतेय. ती म्हणते, मारवा गाऊ की बिहाग, ते तेवढं विचार. तिच्या मनात मारवाच आहे.

निमित्त_गाणं

मी अवघड राग निवडायच्या बाजूची आहे, अट एकच की तो खरंच येत असावा. दिवसभर यमन ऐकून कान थकलेले असतात. माझ्या वेळी एका मुलानं झिंझोटी गायला आणि खोलीतले सगळे सावरून बसले होते.

खर्जसाधना

इथे माझं मत वेगळं आहे. कान थकलेले असतात हे खरं, पण थकलेल्या कानाला वेगळा राग लागत नाही, सुरेल गाणं लागतं. मारवा घ्या. पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. पूरिया आणि सोहनी यांचेही हेच स्वर. तिघांना वेगळं करतं ते चलन, म्हणजे स्वरांवरून फिरायची रीत. मारव्यात रिषभ-धैवताचा जोर, षड्ज शक्यतो टाळत राहायचा. पूरिया गंधार-निषादाचा, मंद्राकडे झुकणारा. सोहनी वरच्या सप्तकात खेळणारी. सतरा-अठरा वर्षांची मुलगी मारवा गायला बसते आणि दुसऱ्या मिनिटाला पूरियात शिरते, तिला कळतही नाही. परीक्षकांना कळतं. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "आता पूरिया गाऊन दाखव." तिथे काय करणार?

बिहाग तिला येतो म्हणता, तर बिहागच. पण तो आतून-बाहेरून येऊ दे. आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य आहेत पण अवरोहात कसे येतात, किती थांबायचं त्यांच्यावर. तीव्र मध्यम पंचमाच्या आधारानं कसा डोकावतो आणि राग शुद्ध मध्यमाचाच कसा राहतो. मारूबिहागात हे उलटं कसं होतं. कुणी म्हणालं "अंतऱ्यापासून गा", "निषादावर न्यास करून, म्हणजे विसावून, दाखव", "तान नको, फक्त सरगम", तर तिथून सुरुवात करता यायला हवी. पाठ केलेलं गाणं मधून सुरू होत नाही, समजलेला राग कुठूनही सुरू होतो, आणि परीक्षक तेच तपासत असतात. त्यासाठी मी शिष्यांना कधीही, कुठूनही थांबवते. स्वयंपाकघरातून हाक मारून सांगते, "आता मंद्र निषादापासून." ताई, तुम्हाला गाणं कळत नसलं तरी हे तुम्हीही करू शकता. चिठ्ठ्यांवर सूचना लिहून ठेवा, गाता गाता एक चिठ्ठी उचलायला लावा.

निमित्त_गाणं

पटलं ताई. तो झिंझोटीवाला मुलगा घरातच गाणं असलेला होता, हे मी लिहायला हवं होतं.

षड्जग्राम

रागाच्या वेळेचा विषय कुणी काढला नाही. बिहाग रात्रीचा दुसऱ्या प्रहराचा राग, चाचणी सकाळी अकराला. मला तरी सकाळी बिहाग ऐकवत नाही.

खर्जसाधना

षड्जग्राम, भावना समजते. विद्यापीठाच्या वेळापत्रकात प्रहर सांभाळणं शक्य नसतं आणि परीक्षक ते मान्य करूनच बसलेले असतात. तरीही मुलीला वेळेची जाण आहे हे दिसावं म्हणून सकाळचा एक राग छोट्या ख्यालापुरता तयार ठेवावा. अल्हैया बिलावल किंवा जौनपुरी. दुपार असेल तर भीमपलासी किंवा वृंदावनी सारंग. मुख्य राग बिहागच, पण "दुसरं काही?" असं विचारलं की वेळेचा राग पुढे करायचा. बाकी रागांचं म्हणाल तर आठ-दहा रागांची बंदिश, आरोह-अवरोह, पकड (राग ओळखू येणारी स्वरांची जोडणी) आणि चार आलाप यायला हवेत. विस्तार दोन रागांचाच, पण पक्का.

तंतुवाद्य_मिरज

पेटीबद्दल कुणी लिहिलं नाही. आमच्या घरात तंबोरे बनतात, त्यामुळे माझा कल उघड आहे, पण तरी सांगतो.

मुलीनं तंबोऱ्यावर गावं आणि तंबोरा स्वतः लावावा. पुष्कळ मुलांना मोबाइलमधला तंबोरा चालू करता येतो, खरा हातात दिला की खुंटीला हात लावायची भीती वाटते. बऱ्याच विभागांत जोडीचे तंबोरे ठेवलेले असतात, पावसाळी हवेत ते उतरतात, आणि "लाव बघू" असं कुणी म्हणालं तर तीच अर्धी चाचणी. खुंटीनं ठोबळ लावायचा, तारेतल्या मण्यानं बारीक, घोडीवरच्या जवारीच्या दोऱ्यानं नाद उघडायचा. पहिली तार बिहागाला पंचमात. मालकंसाला पंचम नाही म्हणून ती मध्यमात, मारवा-पूरियाला निषादात. हे का, ते तिला सांगता आलं पाहिजे.

पेटीचं असं की बोटं ठेवून गायची सवय असलेल्या मुलांना पेटी काढली की गंधार कुठे आहे तेच सापडत नाही. रोज निम्मा रियाज तरी नुसत्या तंबोऱ्यावर करा. तुम्ही सांगलीच्या, मिरज हाकेच्या अंतरावर. सतारमेकर गल्लीत या, कुणीही बसवून शिकवेल.

ठेका_पुणे

तंतुवाद्य यांना अनुमोदन. एक भर. स्वरज्ञान तपासताना परीक्षक पेटीवर चार-पाच स्वर वाजवतात आणि ओळखायला सांगतात, किंवा एखादी सुरावट वाजवून आकारात, म्हणजे नुसत्या 'आ'नं, म्हणायला लावतात, मग सरगमीत. हे घरी पाच मिनिटं खेळ म्हणून रोज करता येतं. बहीण-भाऊ असेल तर त्याला पेटीवर बसवा.

सांगलीची_आई

धाकटा भाऊ आहे, खुशीनं बसेल! तोंडी प्रश्नांचं सांगाल का कुणी? आणि हे सगळं करून पुढे काय, असं तिचे काका रोज विचारतात, त्यांनाही काही उत्तर द्यायला हवं.

निमित्त_गाणं

तोंडीला व्याख्या पाठ करून जाऊ नका. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच, मग फरक काय, असं विचारतात. भूप गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर गंधार, पूर्वांगाचा, रात्रीचा. देशकार धैवत वादी, उत्तरांगाचा, सकाळचा. पण हे बोलून संपत नाही, दोन्हींत एक-एक आलाप घेऊन दाखवावा लागतो. यमन आणि यमनकल्याण, तसंच भीमपलासी आणि बागेश्री, हेही नेहमीचे. दहा थाट (रागांचे मूळ गट), वर्ज्य-अवर्ज्य, न्यास, अल्पत्व-बहुत्व हे सगळं गाऊन दाखवता येईल एवढंच शिका.

स्वरलेखन हमखास असतं. तिला शिकवलेली पद्धत भातखंड्यांची की पलुस्करांची हे आधी बघा. भातखंडे पद्धतीत समेला गुणाकाराचं चिन्ह आणि खालीला शून्य, पलुस्कर पद्धतीत समेला 1 आणि खालीला अधिकचं चिन्ह. विष्णु नारायण भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुस्कर या दोन नावांत मुलं गफलत करतात. 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते पलुस्करांनी. दहा थाटांत रागांची मांडणी केली आणि क्रमिक पुस्तकांतून बंदिशी लिहून काढल्या त्या भातखंड्यांनी.

आणि एक प्रश्न हमखास, "कुणाचं गाणं आवडतं आणि का?" नाव कुणीही सांगतो, "का" ला उत्तर येत नाही. तिनं बिहागच तीन घराण्यांच्या गायकांचा ऐकावा. किराण्यात एकेका सुरावर कसं थांबतात, ग्वाल्हेरात बंदिशीच्या अंगानं कसं जातात, आग्र्यात लयीशी कसं खेळतात. मग "का" आपोआप सांगता येईल, तिच्या शब्दांत.

खर्जसाधना

काकांसाठी मी लिहिते. विद्यापीठात किंवा महाविद्यालयात शिकवायचं असेल तर पदवी, पदव्युत्तर पदवी आणि त्यावर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, हा सरळ रस्ता आहे आणि नेटमध्ये संगीत हा विषय आहे. शाळांत संगीत शिक्षक लागतात. ध्वनिमुद्रण, आकाशवाणी, संग्रहालयं, संशोधन इथेही प्रशिक्षित कान लागतो. मैफलीवर पोट भरेल याची हमी मात्र कुणी देऊ शकत नाही, आणि देत असेल तर विश्वास ठेवू नका. ललित कला केंद्र 1987 मध्ये सुरू झालं ते गुरुकुल पद्धत विद्यापीठात आणावी या कल्पनेनं. तिथे जाऊन मुलगी रोज कुणाच्या तरी समोर बसून शिकेल. वयाची ती वर्षं पुन्हा मिळत नाहीत, हे काकांना शांतपणे सांगा.

एक विनंती. नवीन ठिकाणी नवे गुरू मिळतील, म्हणून आत्ताच्या बाईंना आधी विचारल्याशिवाय अर्ज भरू नका. त्यांना पेढे देऊन, पाया पडून सांगा. चाचणीत "कुणाकडे शिकतेस?" हे विचारतातच, आणि मुलगी ते नाव कसं घेते याकडे आम्ही लक्ष देतो.

रॉटरडॅमकर

एकाच ठिकाणावर सगळा भार ठेवू नका. बडोद्याचं उत्तम आहे, तिथली संगीत शाळा सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये मौलाबक्षांच्या हाती सुरू केली आणि आज ती विद्यापीठाची विद्याशाखा आहे. खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय 1956 पासून फक्त कलांसाठीच आहे. इथे रॉटरडॅमला कोडार्ट्स या कलासंस्थेतही हिंदुस्थानी संगीत शिकवतात, पण खर्च पाहता ते पदवीनंतर बघावं. प्रत्येकाच्या अर्जाच्या तारखा वेगळ्या असतात, भिंतीवर लिहून लावा.

सांगलीची_आई

काल बाईंना भेटलो. त्यांना फार आनंद झाला, आणि आता आठवड्यातून एक दिवस त्या तिला आठ मिनिटांत बिहाग गायला लावणार आहेत, मध्येच थांबवून. राग बिहागच ठरला. भावाची पेटी सुरू झाली आहे, मिरजेलाही जाऊन आलो, पंचमाची तार तिनं स्वतः लावली. आता एकच राहिलं. दुसरी रचना म्हणून नाट्यपद घ्यावं की अभंग? दोन्ही येतात.

खर्जसाधना

छान. नाट्यपद घेतलं तर तिथेही ताना येणार, मग ते ख्यालासारखंच होतं आणि नवं काही दिसत नाही. अभंग घ्या. त्यात शब्दांचा उच्चार, भाव आणि ठेक्यावरची पकड दिसते, जे ख्यालात झाकलं गेलेलं असतं. पण दोन अंतरे पुरे, आणि बिहागाच्या पट्टीतच. ऐन वेळी पट्टी बदलायला तंबोरा पुन्हा लावावा लागतो. ठेकेवाल्यांना भजनी ठेका आधी सांगून ठेवा.

बंदिशीचे शब्द एकदा बाईंकडून तपासून घ्या. तोंडातोंडी चालत आलेल्या ब्रज शब्दांचे अर्थ मुलांना माहीत नसतात, आणि "या ओळीचा अर्थ काय?" हा प्रश्न मी स्वतः नेहमी विचारते.

बार्शीचा_बाबा

पोरगा काळी दोनवर आला. पहिले दोन दिवस रुसला, आता स्वतःच म्हणतो मंद्रात मजा येते. आभार ताई.

तालमग्न

उशिरा आलो. तबल्यासाठी चाचणी देणाऱ्यांचं काय? भाचा देतोय.

ठेका_पुणे

तालमग्न, तेच तत्त्व. तीनतालात पेशकार, एक कायदा (ठरलेली बोलरचना) चार-सहा पलट्यांसह (तिच्या फेरफारांसह), रेला, दोन तुकडे आणि एक चक्रदार. आठ मिनिटांत बसवा. कायदा एकच, पण पलटे त्यानं स्वतः केलेले असू देत, परीक्षक "अजून एक पलटा कर" म्हणतातच. प्रत्येक रचना आधी पढून दाखवायची, मग वाजवायची. लेहरा, म्हणजे तालाची फिरती धून, धरणारा पेटीवाला अनोळखी असणार, म्हणून वेगवेगळ्या लेहऱ्यांवर सराव हवा. गायनाच्या साथीचं थोडं वाजवून घेतात, त्यासाठी विलंबित एकतालाचा ठेका स्वच्छ हवा, नुसता, काही न भरता. भाचा कुठे आहे? पुण्यात असेल तर रविवारी सकाळी माझ्याकडे पाठवा, निरोपात पत्ता देतो.